सर्जेरावांचं मानपत्र

मानपत्रं लिहिणं हे माझं निवृत्तीनंतरचं दुखणं. शिक्षक होतो, अक्षर बरं आहे, शिवाय फुकट लिहितो. त्यामुळे माळेगाव-पणदरे पट्ट्यात कुणाला शाल घालायची म्हटली की माणसं माझ्या दारात. यंदा पाचट न जाळणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार होता आणि नाव निघालं सर्जेरावांचं. गावाजवळ विमान चालवायला शिकवणारी संस्था आहे, तिच्या धावपट्टीच्या टोकाला त्यांचा ऊस. तोडणीनंतर रानात पडलेल्या वाळल्या पाल्याला त्यांनी चार वर्षांत काडी लावलेली नाही.

"कुणाचं ऐकून सोडलंत?" मी वही उघडून विचारलं.

सर्जेराव आपल्या हातांकडे बघत राहिले. दोन्ही तळव्यांची कातडी भाजून आक्रसलेली. ते हात सगळ्या गावाला माहीत. चार वर्षांपूर्वी विमान चालवायला शिकणारी स्वरदा एकटीच उतरत होती. तिचं छोटं विमान पट्टीच्या अलीकडेच बांधाला धडकलं, उलटलं, पेटलं. सर्जेरावांनी तिला ओढून काढलं, पण ती वाचली नाही. रानातलं पाचट विमानामुळंच पेटलं, असं सगळ्यांनी धरलं. चौकशीच्या कागदावर आलं, 'वैमानिकाची चूक'.

"पाचट आधी पेटलं व्हतं, गुरुजी," सर्जेराव म्हणाले. "म्याच पेटिवलं. तोडलेल्या उसाच्या खोडव्याला पाणी द्यायची घाई. वारं फिरलं आन् धूर समदा पट्टीवर. पोरीला खालचं काय दिसलंच न्हाय. मला कुणी इचारलं न्हाय, मी बोललो न्हाय."

मी पेनाला टोपण लावलं.

"तिचा बाप आला व्हता, नीळकंठराव. पोरीला काढली म्हणून माझ्या पाया पडला. मी पाय बी मागं घेतलं न्हाईत." मग वहीकडे बोट करून म्हणाले, "हे लिवा."

खरं सांगतो, मी घाबरलो. घरी येऊन लिहिलं, 'पर्यावरणाची जाण ठेवून'. स्वतःची लाज वाटली, तरी तो कागद चांगल्या चौकटीत बसवून आणला.

सत्काराच्या दिवशी मीच तो वाचला. टाळ्या पडल्या. सर्जेरावांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घालून खुर्चीवर ठेवली आणि माझ्या हातातला माईक घेतला.

"गुरुजींनी झ्याक लिवलंय, पर खोटं हाय. धूर माझा व्हता. त्या पोरीची चूक नव्हती."

मांडवात मागच्या खुर्च्या सरकायला लागल्या, माणसं खाली मान घालून उठली. मानपत्र टेबलावरच राहिलं.

सर्जेरावांनी मला बाहेर गाठलं. मला वाटलं, आता शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या.

"नीळकंठरावांचा पत्ता काढून द्या, गुरुजी," ते म्हणाले. "पोलिसांत तर जाणारच हाय. पर त्यो माणूस माझ्या पाया पडून गेलाय. आधी ते परत करायचं हाय."