हंबीररावांनी लावलेलं दार

आकाराम ड्रायव्हरची गाडी उभी होती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं चार महिने सगळा गाव एवढं सोडून बाकी सगळं बोलत होता. कोल्हापूरच्या मोटारस्टँडवर तिच्या ठरलेल्या जागेवर गाडी उभी होती, इंजिन बंद होतं, किल्ली आकारामच्या खिशात होती, आणि तो स्वतः बायडाबाईच्या टपरीत बशीतला चहा फुंकत बसला होता. तेवढ्यात शिरोळचे बागाईतदार हंबीरराव आपली दोन महिन्यांची कोरी जीप मागं घेऊ लागले. लक्ष मात्र पुढच्या माणसाशी बोलण्यात गुंतलेलं. जीप मागं आली ती थेट आकारामच्या गाडीच्या डाव्या दारात घुसली.

हंबीरराव खाली उतरले, चेपलेल्या दाराकडं बघितलं आणि चक्क हसले.

"काय न्हाय रं, आकाराम. इमा हाय न्हवं तुजा? कंपनी देतीया की!"

दुसऱ्या कुणाला हे बोलणं गोड वाटलं असतं. आकारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि का गेली ते समजायला त्याच्या घरातली भिंत बघायला हवी.

आकारामनं बावीस वर्षं दरबारच्या मोटारखान्यात नोकरी केली. त्या बावीस वर्षांत त्याच्या हातून गाडीला ओरखडा पडला नाही. पण मोटारखान्याची रीत अशी, की गाडी घासली तर दंड, आणि नाही घासली तर काही नाही. नीट चालवतोस, असं त्याला कुणी तोंडानंसुद्धा म्हटलं नव्हतं. पुढं एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं, मोटारखाना मोडला आणि आकाराम घरी बसला. बायकोच्या, चिमणाबाईच्या, पाटल्या मोडून त्यानं एक जुनी शेवरलेट घेतली आणि कोल्हापूर ते गगनबावडा टॅक्सी सुरू केली. तिकडचा पाऊस आणि धुकं ज्यांनी बघितलंय त्यांना ह्या धंद्याबद्दल जास्त सांगायला नको.

पहिलं वर्ष सरलं, तेव्हा विम्याचे एजंट त्र्यंबकराव एक इंग्रजी पत्र घेऊन आले आणि त्यांनी ते मराठीत वाचून दाखवलं. सबंध वर्षात आपल्याकडून नुकसानीची एकही मागणी आली नाही, सबब पुढील हप्त्यात सूट देण्यात येत आहे. आकारामनं ते तीनदा वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याला चौकट करून आणली. दर वर्षी एक पत्र आलं, दर वर्षी सूट वाढली, आणि देवाच्या तसबिरीशेजारी अशा पाच चौकटी लागल्या. सुटीचे पैसे त्याला हवेच होते, पण तू नीट चालवतोस असं सांगणारे ते पाच कागदच जगात त्याच्या बाजूनं होते.

अपघाताच्या दिवशी संध्याकाळी तो त्र्यंबकरावांकडं गेला.

"आकाराम, आपल्या विम्यातून दुरुस्ती मागितलीत की सूट गेली," त्र्यंबकराव म्हणाले. "पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चूक कुणाची, हे कंपनी त्यात बघत नाही."

"गाडी हुबी हुती, साहेब!"

"असू दे. चूक माझी एकट्याची, असं हंबीररावांनी लिहून दिलं, तर त्यांची कंपनी भरपाई देईल. तुमच्या सुटीला मग धक्का लागणार नाही. पण चैत्रात तुमचा विमा संपतोय, त्याआधी."

"त्येंची बी सूट जाईल व्हय?"

"त्यांची जीप नवी. त्यांना सूट मिळालीच नाही अजून, जाणार काय?"

म्हणजे ज्यानं धडक दिली त्याचं काहीच जाणार नव्हतं. फक्त चार ओळी लिहायच्या होत्या, आणि त्याच हंबीररावांच्या हातून निघेनात. चूक आणि हंबीररावांची? शिरोळात असा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

मग पेठेतले जाणते मध्ये पडले. तालमीत बैठक बसली, मटणाचा रस्सा शिजला आणि बाळासो पंचांनी कागद लिहिला. आपल्याकडं भांडण मिटवायची रीत ठरलेली आहे. कुणाचं नाक कापायचं नाही, दोघांनी सही करायची, मिठी मारायची आणि पंगतीला बसायचं. आकारामनं टाक हातात घेतला आणि वाचलं, 'दोन्ही बाजूंकडून चुका झाल्या असून...'

"माजी कंची चूक, बाळासो?"

"अरं, लिवायची पद्धत हाय ती! टाळी एका हातानं वाजती व्हय?"

"माजा हात कपबशीत हुता. सांगा की, हुब्या गाडीनं काय गुन्हा केला? तिनं बाजूला उडी मारायची हुती काय?"

कुणीतरी खुदकन हसलं. हंबीरराव नुसते मिशीवरून हात फिरवत बसले होते. आकारामनं टाक खाली ठेवला आणि तो पंगतीतून उठून गेला. कोल्हापुरात वाढलेल्या ताटावरून उठणं म्हणजे काय, ते निराळं सांगायला नको. दुसऱ्या दिवसापासून लोक त्यालाच आडमुठा म्हणू लागले. ज्याचं दार फुटलं तो आडमुठा, आणि ज्यानं फोडलं तो दिलदार, कारण मटण त्यानं घातलं होतं!

"करा की आपल्याच पैक्यानं दुरुस्त," चिमणाबाई म्हणाली. "ताप तरी मिटंल."

"आन् चूक माजी म्हून घ्यू? मरंस्तवर न्हाई!"

त्यानं दार तसंच ठेवलं. डाव्या बाजूचं ते मागचं दार उघडेना, म्हणून बसणाऱ्याला वळसा घालून पलीकडून चढावं लागे. प्रत्येक जण विचारी, "ह्ये दार का उघडत न्हाई?" आणि आकाराम शांतपणे सांगे, "शिरोळच्या हंबीररावांनी लावलंय. त्येंनी चूक कबूल केली की उघडंल." एवढंच बोले, पण रोज आठ-दहा माणसांना बोले. थंडीभर बोलला. गगनबावड्यापर्यंतच्या गावागावांत मंडळी त्या दाराला हंबीररावांचं दार म्हणू लागली.

फाल्गुनात गगनबावड्याकडचे एक घरंदाज पाहुणे हंबीररावांची मुलगी बघायला निघाले, ते नेमके आकारामच्या गाडीतून कोल्हापूरपर्यंत आले. पुढं काय झालं ते लोकांनी नंतर सांगितलं. पोहे खाता खाता मुलाच्या चुलत्यानं सहज विचारलं, "पावणं, त्ये दार कवा उघडायचं म्हंता?"

तिसऱ्या दिवशी जीप स्टँडवर आली. हंबीरराव उतरले ते लाल होऊन.

"माजी आब्रू गाडीला टांगून हिंडतूस व्हय रं?"

"मी कुटं टांगली? तुमीच ठेवून गेलासा की. मी नुसता सांबाळतोय."

बायडाबाई टपरीतून ओरडली, "गाडी हुबी हुती, हंबीरराव! म्या सोता बघिटलंय!" चार महिने तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. स्टँडवरचे सगळे बघत राहिले.  मग हंबीररावांनी तिथंच, जीपच्या नाकाडावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या.

हंबीररावांच्या कंपनीनं भरपाई दिली, दार उघडू लागलं, आणि चैत्रात सहावं पत्र आलं. सूट शाबूत होती, वर आणखी वाढली होती. त्र्यंबकराव पत्र देताना कौतुकानं म्हणाले, "आकाराम, नशीबवान आहात हं. सहा वर्षांत एकही मागणी नाही."

आकाराम ताडकन उभा राहिला.

"नशीब? साहेब, सा वर्सं त्या घाटात ब्रेकवर पाय माजा हुता, नशिबाचा न्हवं!"

त्र्यंबकराव ओशाळले. आकारामनं पत्र घेतलं आणि ते तीनदा वाचायला लावलं.