बिल्ल्यातलं कुंकू

मागच्या बुधवारी नारायणगावात सायकल मिस्त्रीच्या पायरीवर मी आणि त्यानं मिळून माझ्या सायकलच्या पुढचा बिल्ला सोडवला. मी हँडल धरलं, त्यानं खिळे काढले. जुना बिल्ला हातात आला की हा माणूस आधी वास घेतो, मग नख मारतो, मग वय सांगतो. असा मिस्त्री जुन्नर तालुक्यात दुसरा नाही, हे मी ठणकावून सांगीन.

"इंग्रजाच्या काळातली न्हाई भाऊ ही सायकल. तवाचे बिल्ले पितळी. हा नुसता पत्रा हाय."

"माझा बाप इंग्रजाच्या काळातलीच सांगायचा. त्याला खोटं पाडतो व्हय रं?"

"बिल्ला पाडतोय, मी न्हाई."

मग अक्षरांच्या खाचांत त्याला लाल दिसलं. "हा रंग कंपनीचा न्हाई."

"कुंकू हाय. आमची मंडळी दर खंडेनवमीला लावायची. उन्हाळ्यात गेली ती. घासून टाक, लखलखीत कर."

त्यानं रॉकेलची वाटी बाजूला सारली. "आज न्हाई व्हायचं," म्हणाला आणि बिल्ला फडक्यात गुंडाळला.

सायकल जीपच्या टपावर टाकून निघालो, तेव्हा कुठं ध्यानात आलं. तिच्या बोटाचं तेवढंच उरलं होतं, आणि तेच घासायला मी सांगून आलो होतो.

कधी दुकान न सोडणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळीच पिंपरी पेंढारला माझ्या घरी आला. बिल्ला आरशासारखा झालेला, खाचांत कुंकू जिथल्या तिथं. शेजारी म्हणाला, "मिस्त्री, मधलं घासायचं राहिलं की!"

"राहिलं न्हाई, ठेवलंय," तो म्हणाला, आणि माझ्याकडं न बघता खिळे ठोकायला बसला.