अर्धा मोर, अर्धं कमळ

कोंबड्यांचे डॉक्टर आमच्याकडे आले की आधी नळावर हात धूत, जाताना पुन्हा धूत. मधल्या वेळात ते रोग इतका छान समजावून सांगत, की तो बरा होणार नाही हे आम्ही घटकाभर विसरून जायचो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. भवानी पेठेतल्या आमच्या अंगणात आईच्या साठ कोंबड्या होत्या. वडील चादरीच्या मागांसाठी नक्षीची पुठ्ठ्याची कार्डं भोकं पाडून द्यायचे; एका नक्षीला आकडे घातलेल्या कार्डांचा एक संच. त्यांची नजर अधू झाली आणि घर अंड्यांवर आलं. त्यातच कोंबड्या झुरायला लागल्या. डॉक्टरांनी मेलेली एक फाडून पाहिली. कलेजी दुपटीनं वाढलेली, वर पांढऱ्या गाठी.

"विषाणू आहे," ते म्हणाले.

"मग औषध सांगा की," आई म्हणाली.

"औषध नाही, अक्का."

मला त्यांचा भारी राग यायचा. औषध नाही, तर एवढं वाचून ठेवायचं कशाला?

एकदा ते वडिलांना म्हणाले, "या विषाणूच्या पोटात तुमच्या कार्डांसारखे नक्षीचे दोन संच असतात. पेशीत शिरला की त्यांवरून नवा संच उतरवला जातो. एक मध्येच फाटका निघाला, की दुसऱ्यावर उडी मारायची आणि तिथूनच पुढं चालू."

वडील ओशाळले. वर्षापूर्वी त्यांनी हेच केलं होतं. मोराच्या संचातली कार्डं फाटली होती. अंधुक दिसत असताना पुढचं सगळं त्याच आकड्यापासून कमळाच्या संचावरून उतरवलं. चादर निघाली खाली मोर, वर कमळ.

"आमची चूक निदान दिसली तरी," वडील म्हणाले.

"दोन्ही संच सारखे असले तर उडी मारूनही नक्षी तीच. पण एकाच कोंबडीत दोन वेगळे विषाणू भेटले, तर पुढच्या विषाणूच्या पोटात एकेकाचा संच जातो. मग त्यातून तिसराच निघतो." डॉक्टर आईकडे वळले. "दुसरीकडच्या कोंबड्या आणून यांच्यात सोडा, असं मीच सांगितलं होतं, अक्का."

तसंच घडलं होतं का, हे तपासायची सोय आमच्याकडं कुठली? ते त्यांना कधीच कळलं नाही. तरी दर मंगळवारी यायचे, उरलेल्या मोजायचे.

शेवटची कोंबडी रविवारी गेली. मंगळवारी डॉक्टर दारात हजर.

"आता कोंबड्या न्हाईत, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली.

"कळलं मला."

ते रिकाम्या खुराड्यासमोर थोडा वेळ उभे राहिले. मग नळावर गेले आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुऊ लागले. बराच वेळ धूत राहिले. आईनं नळ बंद केला आणि पदरानं त्यांचे हात पुसले.