हरलेल्यानं मांडायचा डाव

साऱ्या सोलापुरात माझ्या आत्याइतकी सरळ बाई झाली नाही आणि तिच्याइतक्या तिरक्या चाली ठाऊक असलेलीही दुसरी कुणी नव्हती, असं मी कुणापुढेही छातीठोकपणे सांगते. सत्तरच्या दशकातले ते दिवस. दुपारच्या वेळी गल्लीतल्या बायका शेंगा फोडत, वाती वळत. आमची आत्या बुद्धिबळाचा पट घेऊन बसे. म्हणजे बसे ती, मांडायची मी. हरलेल्यानं पुढचा डाव मांडायचा हा तिच्या घरचा कायदा, आणि हरायची मीच. "लहान हाय, एखादा डाव सोड की," असं मामांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, एकदा सुचवून पाहिलं. "सोडला तर पोरीला जिंकल्याचं कळंल, खेळल्याचं न्हाय कळायचं," म्हणत तिनं माझा वजीर उचलला आणि मामांना चहा ठेवायला पिटाळलं. तिचा 'शह!' खालच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाई. गिरणीवाला पट्टा फिरवता फिरवता ओरडे, "कोन पडलं वो काकू?"

मोहऱ्याला हात लावला की तेच खेळायचं, हा तिचा दुसरा कायदा, आणि तो पटापुरता नव्हता. मंडईत ती हात पदराखाली गुंडाळून वांग्यांकडे एकटक बघत उभी राही. एकदा बोट लागलं की वांगं किडकं निघो, ते पिशवीत जाणारच. "काकू, दाबून तरी बघा की," भाजीवालीलाच दया येई. "बघितलं की डोळ्यानं. हाताला काय डोळं हायत व्हय?" साडीच्या दुकानात तर तिचा हात पदराबाहेर आला की दुकानदार बांधायचा कागद फाडायला घेई.

तिचं बुद्धिबळ देशी पद्धतीचं. त्यात राजाला शह बसलेला नसेल, तर एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. ही उडी तिनं मला दागिन्यासारखी दिली होती. "राखून ठेव. अडचणीत काढ." शाळेत सरांनी नवी पद्धत शिकवली खरी, पण तिच्यात काय आहे तेवढंच सांगितलं, काय नाही ते कुणीच सांगितलं नाही.

सात रस्त्याजवळच्या एका शाळेत स्पर्धा होती. मी शेवटच्या डावापर्यंत पोचले. समोर बार्शीचा मुलगा, आणि पहिल्या रांगेत ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून आत्या. माझा राजा कोपऱ्यात अडकत चालला, तशी मी ऐटीत राखून ठेवलेली उडी काढली. पंच म्हणाले, "अशी चाल नसते, बाळ." राजाला जायला दुसरं एकच घर होतं, आणि तिथं गेला की मात ठरलेली. पंच भले गृहस्थ. "नियम ठाऊक नव्हता तुला. दुसरं मोहरं हलव हवं तर. चालेल ना रे?" त्या मुलानंही मान डोलावली. हत्ती हलवला असता तर डाव वाचत होता, बक्षिसाची ढाल हाताशी येत होती.

"राजाला हात लावलाय," मी म्हटलं. "राजाच खेळते." दोन चालींत हरले. पण उठताना माझी मान ताठ होती, आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

चेहरा उतरला तो आत्याचा. टांग्यातून घरी आल्यावर सवयीनं मी पट पसरला आणि प्यादी लावायला घेतली, तर तिनं माझा हात धरला.

"सर तिकडं. आज मी हरले."

"तू कुठं खेळलीस, आत्या?"

"उडी माजी हुती, पोरी. राजा खेळलीस ती तू." आणि तिनं एकेक मोहरं पदरानं पुसून जागेवर ठेवलं. हरवलेल्या प्याद्याच्या जागी आम्ही दोऱ्याचं रीळ ठेवत असू, तेसुद्धा. मामा न सांगताच चहा ठेवायला उठले.

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. पट माझ्याकडे आहे, रीळही. नातीशी खेळताना अजून बहुतेक वेळा मीच जिंकते. मग ती कंटाळून प्यादी लावायला हात पुढे करते, आणि मी तिला म्हणते, "राहू दे, आज मी मांडते."