खिडकीजवळचे टेबल

भरलेले ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून ती भोजनगृहाच्या दारात थांबायची आणि वाढप्याला विचारायची, "काका, आज मला नियम कुठला लागतो?" वाढपी हसू दाबत आमटीत डाव फिरवायचा. नियम कुठला लागतो हे तिला पक्के ठाऊक होते. मागच्या भिंतीलगत, हात धुण्याच्या नळाशेजारी ठेवलेली दोन टेबले तिच्यासारख्यांसाठी होती.

महाविद्यालय नाशिकमधले आणि सरकारी. नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचकांपैकी अनेकांना तिथे आपापल्या महाविद्यालयाचे नाव घालता येईल. मी निवृत्त वकील. वर्तमानपत्रांना आणि अधिकाऱ्यांना पत्रे लिहून त्रास देणारा म्हणून माझी थोडी ख्याती आहे. मला तिथल्या तक्रार निवारण समितीवर घेतले, ते बहुधा आत घेतल्यावर हा माणूस गप्प बसेल या आशेने.

पुढची सगळी टेबले 'शुद्ध शाकाहारी' विद्यार्थ्यांची, असा विद्यार्थ्यांच्याच भोजन समितीचा ठराव होता. वाचकहो, त्या भोजनगृहात मांस कधी शिजतच नव्हते. ताटात काय आहे हे कोणी पाहत नव्हते. घरी काय शिजते हे पाहत होते, आणि तेही आडनावावरून ठरवत होते.

ती पेठकडच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावरून रसायनशास्त्र शिकायला आलेली. तिच्या तक्रारीवरच्या सुनावणीत भोजन समितीचा सचिव फार नम्रपणे म्हणाला, "सर, आम्ही कोणाला कमी लेखत नाही. फक्त काही जणांच्या भावना आहेत."

"दादा, तुमच्या भावना कंच्या टेबलापासून सुरू होतात तेवढं सांगा," ती म्हणाली. "मी त्याच्या अलीकडं बसंन."

प्राचार्य मध्ये पडले. "बाळ, जेवण तर सगळ्यांना सारखंच मिळतं ना?"

"हो सर. वांगं सारखंच हाय. म्हणून तर विचारते."

अर्जाचा मसुदा करायला ती आमच्या घरी यायची. पहिल्या दिवशी चहा संपताच कप विसळायला उठली. पत्नी म्हणाली, "ठेव गं तिथंच."

"सवय हाय, आजी."

"आमच्याकडे नको ती सवय."

ती पुन्हा बसली, पण कप काही खाली ठेवेना. आम्ही राज्यघटनेच्या कलम पंधरावर बोलत राहिलो आणि तो रिकामा कप बराच वेळ तिच्या ओंजळीत राहिला.

मला गुन्हा नोंदवायचा होता. मी संतापलो होतो आणि कायदा माझ्या बाजूने होता. ती म्हणाली, "कुणाला जेलात नाय धाडायचं, वकीलसाहेब. मला खिडकीशी बसून जेवायचंय. मागं नळाचं पाणी उडतं ताटात."

आम्ही जिंकलो. ठराव रद्द झाला, सर्व टेबले सर्वांची झाली. आदेश लागू झाला त्या दुपारी मी समितीतर्फे हजर होतो. ती खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. तिथे आधीपासून बसलेल्यांपैकी कोणी वाकडा शब्द बोलले नाही. एक जण लिंबू आणायला उठला, तो ताट घेऊनच. एकीला फोन आला. कोणाला पलीकडे मैत्रीण दिसली. अतिशय सभ्यपणे ते टेबल रिकामे झाले. कोणत्याही कलमाचा भंग झाला नाही.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "या ना, वकीलसाहेब. जागा भरपूर हाय."

मी बसलो. पण मी रोज कुठे असणार होतो? मागच्या टेबलांवरच्या इतरांनी ती दुपार पाहिली होती. त्यांच्यापैकीही कोणी पुढे आले नाही. ती मात्र रोज तिथेच बसत राहिली. फोनवर मी विचारायचो, "आज कोण होतं सोबतीला?" ती सांगायची, "खिडकी."

मग एक दिवस तिने वसतिगृह सोडले, शिक्षणही सोडले. अंबडला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. मी फोनवर चिडून कारण विचारले. ती शांतपणे म्हणाली, "कुणी काय बोललं नाय. पण तिथं घास गिळला की मला माझाच आवाज यायचा. लय मोठा." पुढे तो क्रमांकही बंद झाला.

मी प्राचार्यांना सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले : सदर भोजनगृहात कोणासही कोठेही बसण्यास मज्जाव नाही. या उत्तरातला शब्द न् शब्द खरा आहे. लबाडी असती तर मी ती न्यायालयात फाडून काढली असती. या खरेपणाचे काय करायचे ते मला कळत नाही, आणि मला झोप लागत नाही.

यंदा पुन्हा तिथे गेलो. सगळे विद्यार्थी नवे होते. तिला पाहिलेले कोणी उरले नव्हते. जेवणाची वेळ असल्याने भोजनगृह गच्च भरले होते, आणि खिडकीजवळचे ते टेबल स्वच्छ पुसलेले, रिकामे होते. ताट घेऊन जागा शोधणाऱ्या एका मुलीला मी म्हणालो, "तिथे बस की, जागा आहे."

"तिथे कोणी बसत नाही, सर."

"का?"

तिने खरोखरच विचार केला. "माहीत नाही. आम्ही आलो तेव्हापासून तसंच आहे."

एवढे बोलून ती भिंतीला टेकली आणि उभ्याउभ्याच जेवू लागली.