गोडं पाणी
तपासणीच्या बाटलीचं झाकण उघडलं की कसलाच वास येत नाही, आणि नेमकं त्यामुळेच मला मांडवीच्या किनाऱ्यावरची एक संध्याकाळ आठवते. आखातातल्या एका प्लांटवर इंजिनिअर म्हणून लागल्यावर मी पहिल्यांदाच सुट्टीवर आलो होतो. समुद्राचं पाणी आम्ही गोडं करतो, हे वडिलांना दाखवायला तिथल्या पाण्याची एक बाटली सोबत आणली होती. वडिलांचं सगळं आयुष्य होडीवर गेलेलं. वाळूत पसरलेल्या जाळ्याला खारट, कुबट वास येत होता. जाळं शिवता शिवता त्यांनी एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि विचारलं, "ह्यातलां मीठ कुठं गेलां?" "ते परत समुद्रात सोडतो," मी म्हटलं. "आनि पानी ठेवून घेता?" मी हसलो. ते हसले नाहीत. उठून गुडघाभर पाण्यात गेले आणि बाटलीतलं उरलेलं पाणी लाटेत ओतलं. "त्याचां त्याला," एवढंच म्हणाले आणि पुन्हा जाळ्याशी येऊन बसले. मी अजून त्याच प्लांटवर आहे. तपासून उरलेलं पाणी बाकीचे बेसिनमध्ये ओततात. मी बाटली घेऊन किनाऱ्यापर्यंत का जातो, हे इथे कोणी विचारत नाही.