आमच्याकडं त्रेचाळीस

भास्कररावांच्या मुलाचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. ‘बाबा गेले’ एवढं वाचलं आणि नजर गेली ती टेबलाच्या काचेखालच्या त्यांच्या कार्डावर... ‘आमच्याकडं त्रेचाळीस. तुमच्याकडं?’ उत्तर टाकायचं राहूनच गेलं होतं. आळस, दुसरं काय!

पन्नासच्या दशकात पिंपरीत औषधांचा कारखाना नवा होता. मी दिघीच्या शेतकऱ्याचा, ते लातूरचे; प्रयोगशाळेत टेबलं शेजारी. औषध किती काळ टिकेल ते आम्ही काढायचो. वर्षानुवर्षं वाट कोण बघणार? म्हणून बाटल्या पन्नास, साठ, सत्तर अंशांवर तापवत ठेवायच्या, औषध किती वेगानं नासतं ते मोजायचं आणि लॉग टेबल उघडून आलेखावर तीन ठिपके द्यायचे. भास्करराव पट्टी वापरत नसत. काळा शिवणदोरा ठिपक्यांवरून ताणायचा आणि तसाच कमी तापमानाकडे न्यायचा. दोरा जिथं पोचेल, तो तिथला नासण्याचा वेग.

एकदा मी दोरा पुस्तकात खोलीचं तापमान म्हणून दिलेल्या पंचवीस अंशांवर थांबवला. मुदत आली दोन वर्षं. साहेबांना सांगूनही टाकलं; बढती समोर दिसत होती ना! भास्कररावांनी कागद पाहिला.

“पंचवीस? हे कुठल्या गावचं हो? आपल्या गोदामाला पत्रा हाय की!”

“म्हंजी पुस्तक खोटं व्हय?” मी भडकलो.

ते उठले, वैशाखातल्या दुपारी गोदामात तापमापक टांगून आले. एकेचाळीस! दोरा पुन्हा ताणला. त्या उकाड्यात औषध जेमतेम तीन महिने टिकलं असतं. पुढं कुणा आजाऱ्याच्या दंडात नुसतं पाणी टोचलं गेलं असतं. माझी बढती गेली. चूक माझी, हे त्याच दुपारी कळलं होतं. तरी वर्षभर मी अबोला धरला. शेवटी तेच म्हणाले, “राव, चहा गार होतोय.” मी कप उचलला. ‘तुमचं बरोबर होतं’ हे काही तोंडातून निघालं नाही.

निवृत्त होऊन लातूरला जाताना तो तापमापक त्यांनी माझ्या हातात ठेवला. मग दर वैशाखात त्यांचं कार्ड यायचं, मी आकडा कळवायचो. नुसता आकडा. फार आठवण येते हो त्यांची.

आज दुपारी ओसरीवरच्या त्या तापमापकात पाहिलं आणि कार्ड लिहायला घेतलं. ‘आमच्याकडं एकोणचाळीस. तुमचं बरोबर होतं.’ मग पत्ता लिहायला कार्ड उलटलं... नाव कुणाचं घालू?